प्रशिक्षणाचे तास कोणाच्या खात्यावर?

वर्गात बसवून शिकवावे की मोबाईलवर अभ्यासक्रम द्यावा, हा प्रश्न करोनाच्या काळापासून सांगली-मिरज-कुपवाडच्या कारखान्यांत, साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, बँकांत, रुग्णालयांत आणि सरकारी कचेऱ्यांतही सतत विचारला जात आहे. मी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत मशीन शॉपमध्ये अठ्ठावीस वर्षे काम केले आणि त्यांपैकी शेवटची नऊ वर्षे नव्या कामगारांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी माझ्याकडे होती. या नऊ वर्षांत मी दोन्ही प्रकार राबवले, दोन्हींची बाजू घेऊन वरिष्ठांशी वाद घातले आणि दोन्हींकडून माझी निराशाही झाली. आज माझे मत असे आहे की माध्यमाचा हा वाद आपण चुकीच्या टोकाकडून सुरू करतो. शिकण्यासाठी लागणारा वेळ हा कामाचा वेळ मानायचा की कामगाराचा खासगी वेळ, हे आधी ठरले पाहिजे. ते ठरले नाही तर वर्ग निवडा की ऑनलाइन, शिकणे मागे राहते आणि प्रमाणपत्रे तेवढी तयार होतात.

एक प्रसंग सविस्तर सांगतो, कारण माझे मत बदलायला तिथूनच सुरुवात झाली. एप्रिलचा महिना होता आणि दुसरी शिफ्ट चालू होती. आयटीआयमधून टर्नरचा ट्रेड करून आलेला एक मुलगा सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या कातकामाच्या मशीनवर, पोलादी रिंगा करीत होता. रिंगेचा बाहेरचा व्यास १०० मिलिमीटर आणि त्यात एकंदर २० मायक्रॉनची, म्हणजे एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाची, कमीजास्त होण्याची मुभा. कूलंटची, म्हणजे थंड ठेवणाऱ्या द्रवाची, नळी जराशी सरकली होती, त्यामुळे जॉब, म्हणजे मशीनवर चढवलेली रिंग, नेहमीपेक्षा गरम निघत होता. मुलाने चकमधून, म्हणजे मशीनच्या पकडीतून, काढलेला जॉब तसाच मायक्रोमीटरमध्ये धरला. माप वरच्या मर्यादेच्या पुढे दिसले. इन्सर्ट, म्हणजे टूलचे कापणारे टोक, झिजला असेल असे समजून त्याने ऑफसेट दिला, म्हणजे टूल जरा आत घेतले, पुढचा जॉब मोजला, माप बरोबर आले, आणि तो निर्धास्तपणे काम करीत राहिला. पोलादाची १०० मिलिमीटर व्यासाची वस्तू वीस अंश सेल्सिअसने तापली की तिचा व्यास सुमारे २३ मायक्रॉनने वाढतो, म्हणजे ड्रॉइंगवर दिलेल्या सगळ्या मुभेपेक्षाही जास्त. सकाळी पहिल्या शिफ्टच्या तपासणीत, रात्रभर थंड झालेल्या साठेक रिंगा मापाला कमी भरल्या. जास्त भरलेला जॉब पुन्हा चढवून कापता येतो, कमी भरलेल्यावर धातू लावता येत नाही. तो सगळा माल भंगारात गेला.

या मुलाने तीनच आठवड्यांपूर्वी मोजमापाचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केला होता आणि त्याला वीसपैकी अठरा गुण होते. मी त्याची उत्तरपत्रिका उघडून पाहिली. लांबीच्या मोजमापासाठी आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून कोणते तापमान धरतात, हा प्रश्न त्यात होता आणि ‘२० अंश सेल्सिअस’ हे उत्तर त्याने बरोबर दिले होते. जॉब गरम असताना माप घेऊ नये, हे वाक्यही त्याने बरोबर म्हणून निवडले होते. तेव्हा त्याला माहीत नव्हते, असे म्हणण्याची सोय उरली नाही. एप्रिलमध्ये आमच्या शॉपमधली हवाच चाळीस अंशांच्या आसपास असते. अशा ठिकाणी वीस अंश हा आकडा परीक्षेत लिहिण्यापुरताच राहतो. कोणीतरी त्याच्या हातात गरम रिंग देऊन माप घ्यायला लावायला हवे होते, तीच रिंग सर्फेस प्लेटवर तासभर ठेवून पुन्हा मोजायला सांगायला हवे होते आणि दोन्ही आकडे त्याच्याकडूनच वहीत लिहून घ्यायला हवे होते. तसे कोणी केले नाही. त्याआधीच्या तुकडीला हा विषय मी स्वतः वर्गात, पडद्यावर आकृत्या दाखवून शिकवला होता, आणि त्या तुकडीतल्या एकाच्या हातूनही हीच चूक झाली होती. म्हणून या प्रसंगाचा दोष एकट्या ऑनलाइन अभ्यासक्रमावर टाकणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

मी त्या मुलाला विचारले की अभ्यासक्रम केलास कधी. त्याने सांगितलेले उत्तर मी विसरलेलो नाही. तो तासगावच्या पुढून एसटीने यायचा. अर्धा अभ्यासक्रम त्याने एसटीत उभ्याने केला होता आणि उरलेला दुसरी शिफ्ट सुटल्यावर, रात्री बारानंतर, घरी. आमच्याच विभागाच्या सूचनेत लिहिलेले होते की आठ दिवसांत अभ्यासक्रम पूर्ण करावा आणि त्यामुळे उत्पादनात खंड पडू नये. ती सूचना मी वाचूनच पुढे पाठवली होती. दमलेल्या माणसाने मध्यरात्री, आपल्या पैशाच्या डेटावर, झोप टाळून जे पाहिले त्याला आम्ही प्रशिक्षण म्हणत होतो.

संशोधनाकडे वळले तरी बोट वेळेकडेच जाते. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २००९ साली, ऑनलाइन आणि वर्गातल्या शिक्षणाची तुलना करणाऱ्या अभ्यासांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध केला आणि २०१० साली त्याची सुधारित आवृत्ती काढली. ऑनलाइन शिकलेल्यांची कामगिरी सरासरीने वर्गात शिकलेल्यांपेक्षा किंचित सरस होती आणि दोन्हींचा मिलाफ केलेल्यांची वर्गापेक्षा अधिक सरस होती, हा त्याचा निष्कर्ष ऑनलाइन अभ्यासक्रम विकणाऱ्यांच्या तोंडी नेहमी असतो. त्याच अहवालातला इशारा मात्र क्वचितच सांगितला जातो. मिलाफ केलेल्या गटांना बहुतेक ठिकाणी शिकण्यासाठी जास्त वेळ आणि जादा साहित्यही मिळाले होते, त्यामुळे मिळालेल्या फायद्याचे श्रेय माध्यमाला देता येत नाही, असे अहवाल लिहिणाऱ्यांनीच स्पष्ट म्हटले आहे. दुसरा आकडा हार्वर्ड आणि एमआयटी या दोन विद्यापीठांच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा आहे. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१९ साली आलेल्या विश्लेषणानुसार २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी ३.१३ टक्क्यांनीच अभ्यासक्रम पूर्ण केला. ज्यांनी पैसे भरून प्रमाणपत्राचा मार्ग घेतला होता, त्यांच्यात हेच प्रमाण ४६ टक्के होते. व्याख्याने तीच होती आणि पडदाही तोच होता. पैसे भरणाऱ्यांचा निश्चय आधीच पक्का असणार, हे मान्य. तरीही ज्याने काहीतरी गुंतवले आहे तो टिकतो, एवढे यातून दिसतेच. कारखान्यातल्या प्रशिक्षणात मालकाने काय गुंतवले आहे हे कामगाराला दिसते. शिफ्टमधले दोन तास मोकळे करून दिले तर कंपनी या गोष्टीला महत्त्व देते, हे त्याला सांगावे लागत नाही.

ऑनलाइन अभ्यासक्रमांनी काय दिले, हे नाकारण्याची माझी इच्छा नाही. आयआयटींनी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने मिळून २००३ साली एनपीटीईएल हा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा उपक्रम सुरू केला, २०१७ साली केंद्र सरकारचे स्वयम् हे तसेच व्यासपीठ आले, आणि डिप्लोमा झालेल्या आमच्या एका सेटरने, म्हणजे मशीन कामासाठी जुळवून देणाऱ्या कारागिराने, ड्रॉइंगवरच्या भौमितिक मुभांची चिन्हे आयआयटीतल्या प्राध्यापकांकडून, घरबसल्या, फुकट समजून घेतली. वीस वर्षांपूर्वी हे शिकायला पुण्याला जावे लागे आणि त्याचा खर्च कंपनी फक्त इंजिनिअरसाठी करी. वर्गात हात वर करून ‘कळले नाही’ म्हणायला आपला माणूस लाजतो, विशेषतः शेजारी वयाने लहान असलेला बसला असेल तर. मोबाईलवरचा व्हिडिओ तो पाच वेळा मागे नेऊन पाहतो आणि कोणाला ते कळत नाही. टेलस्टॉक कसा जुळवावा, इन्सर्ट कसा बदलावा, गेज कसे धरावे, असे तीन-चार मिनिटांचे व्हिडिओ आम्ही आमच्याच मशीनवर, आमच्याच ऑपरेटरच्या आवाजात केले होते. बाहेरून घेतलेल्या महागड्या अभ्यासक्रमापेक्षा ते कितीतरी जास्त पाहिले गेले. त्याचे एक कारण भाषा हे होते. बाहेरच्या अभ्यासक्रमाच्या मराठी आवृत्तीत टूलला ‘कर्तन अवजार’ म्हटलेले होते आणि सबंध शॉपमध्ये तो शब्द वापरणारा एकही माणूस नव्हता. मराठीत शिकवायचे म्हणजे कामावर जी मराठी बोलली जाते तिच्यात शिकवायचे. तिच्यात टूल, जॉब, चक, बोअर हे शब्द केव्हाच आपले झालेले आहेत.

दूर राहून शिकण्याची परंपरा आपल्याकडे मोबाईलच्या आधीपासून आहे, हेही ध्यानात घ्यावे. देवराष्ट्रे हे आज सांगली जिल्ह्यात असलेले यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. त्यांच्या नावाचे मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिकला स्थापन झाले आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीदवाक्य झाले. त्या विद्यापीठाने पुस्तके घरी पाठवली, पण गावोगावी अभ्यासकेंद्रेही उभी केली, कारण घरी वाचणाऱ्यालाही अधूनमधून समोर बसून विचारण्यासाठी माणूस लागतो, हे ते विद्यापीठ घडवणाऱ्यांना माहीत होते. आजच्या कंपन्यांनी घरी पाठवण्याचा भाग उचलला आणि अभ्यासकेंद्राचा सोडून दिला.

वर्गाची बाजू घेणारे वर्गाचे जे चित्र रंगवतात, तेही मी पाहिलेल्या वर्गांशी जुळत नाही. हॉटेलचा हॉल, साठ माणसे, बाहेरून आलेले व्याख्याते, दोन दिवसांत दोनशे स्लाइड, दुपारचे जेवण, शेवटी प्रमाणपत्रे आणि एकत्र छायाचित्र. जाताना एक अभिप्रायाचा अर्ज भरून घेतात आणि त्यात सगळेच ‘उत्तम’ लिहितात. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ मध्येच प्रशिक्षणाचे मोजमाप चार पायऱ्यांवर करावे असे मांडले होते. शिकणाऱ्याला कसे वाटले, तो काय शिकला, कामावर परतल्यावर त्याचे वागणे बदलले का, आणि त्यातून कामाचा निकाल सुधारला का, अशा त्या पायऱ्या आहेत. आपण पहिल्या पायरीवर मोजतो आणि तिथेच थांबतो. ऑनलाइन अभ्यासक्रमात फार तर दुसरी पायरी गाठली जाते. तिसऱ्या पायरीसाठी तीस दिवसांनी कोणीतरी मशीनजवळ जाऊन उभे राहावे लागते, आणि तेवढा वेळ कोणाच्याच कामात धरलेला नसतो.

आता पैशाचा हिशेब उघडपणे मांडू. १२० माणसांच्या कारखान्यात सहा तासांचे प्रशिक्षण शिफ्टमध्ये दिले तर ७२० तास खर्च होतात, म्हणजे आठ तासांच्या ९० शिफ्टा. तेच प्रशिक्षण ‘सवडीने मोबाईलवर करा’ म्हणून दिले की या ९० शिफ्टा कंपनीच्या हिशेबातून नाहीशा होतात. त्या कुठे जात नाहीत. कामगारांच्या झोपेतून, प्रवासातून आणि सुट्टीच्या दिवसातून त्या वसूल होतात. ऑनलाइन स्वस्त पडते, असे जेव्हा सांगितले जाते तेव्हा त्या स्वस्ताईतला मोठा वाटा हाच असतो. व्याख्यात्याचे मानधन आणि हॉलचे भाडे यांची बचत त्यापुढे किरकोळ आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने प्रौढ कामगाराचा आठवडा ४८ तासांचा ठरवला आणि त्यापुढच्या कामाला दुप्पट दराने मोबदला सांगितला. याच कायद्यात १९८७ च्या दुरुस्तीने जोडलेल्या कलम १११-अ मध्ये, कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेविषयी आणि आरोग्याविषयी माहिती मिळणे व शक्य असेल तिथे कारखान्यातच प्रशिक्षण मिळणे, हा कामगाराचा हक्क म्हणून नोंदवला गेला. हक्क म्हणून लिहिलेली गोष्ट आपल्या व्यवहारात, आठ दिवसांत उरकायची सक्ती होऊन कामगाराकडे आली आहे.

हे केवळ कारखान्यांपुरते असते तर मी इतक्या आग्रहाने लिहिले नसते. सरकारी कर्मचाऱ्यांच्या क्षमतावाढीसाठी सप्टेंबर २०२० मध्ये मिशन कर्मयोगीला मंजुरी मिळाली आणि त्याचा मोठा भार ऑनलाइन अभ्यासक्रमांवर आहे. शिक्षकांसाठीचे निष्ठा प्रशिक्षण ऑगस्ट २०१९ मध्ये समोरासमोर सुरू झाले आणि करोनामुळे ऑक्टोबर २०२० पासून दीक्षा या ऑनलाइन मंचावर गेले. ती आपत्तीची वेळ होती आणि दुसरा मार्ग नव्हता, हे मान्य आहे. आपत्ती सरली, तरी तिच्यातून लागलेली सवय अनेक ठिकाणी राहिली. माझी धाकटी बहीण सातारा जिल्ह्यात एका दुर्गम शाळेवर शिक्षिका आहे. ती सांगते की ऑनलाइन प्रशिक्षणाचा व्हिडिओ ती रात्री कणीक मळताना ओट्याजवळ लावून ठेवते, कारण दिवसा वर्ग सोडता येत नाही आणि रात्रीचा स्वयंपाकही सोडता येत नाही. तिला शिकण्याची आच नाही असे कोणी म्हणू नये. आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत शेजारच्या शाळेतल्या बाईंनी भागाकार कसा शिकवला ते ऐकून ती दुसऱ्या दिवशी वर्गात तसे करून पाहते आणि मला फोन करून सांगते. बायकांच्या बाबतीत ‘सवडीने करा’ या शब्दांचा अर्थ पुरुषांपेक्षा वेगळा होतो. कामावरून घरी आलेल्या स्त्रीची दुसरी शिफ्ट तिथून सुरू होते, आणि तिसरी शिफ्ट म्हणून हा अभ्यासक्रम येतो.

वेळेचा प्रश्न शिकणाऱ्याइतकाच शिकवणाऱ्याचाही आहे, आणि माझ्या अनुभवात तोच अधिक अवघड निघाला. शॉपमधला सर्वांत चांगला सेटर हाच सर्वांत चांगला शिक्षक असू शकतो. पण त्याच्याकडे नवा मुलगा सोपवताना त्याच्या दिवसाच्या नगांचे उद्दिष्ट कोणी कमी करत नाही. मग तो काय करतो? मुलाला बाजूला उभे करतो, ‘बघ’ म्हणतो, आणि स्वतः भराभर काम उरकतो. महिनाभर मुलगा बघतो. मशीनला हात लावायची संधी त्याला अचानक मिळते, ज्या दिवशी सेटर रजेवर असतो त्या दिवशी, आणि चूक झाली की दोघांवरही ठपका येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत अनुभवी कामगार युद्धावर गेले आणि नवख्यांना झपाट्याने शिकवायची वेळ आली, तेव्हा तिथे फोरमनलाच शिकवायला शिकवण्याची योजना निघाली. तिच्यात शिकवण्याच्या चार पायऱ्या होत्या. शिकणाऱ्याची तयारी करून घ्यायची, काम टप्प्याटप्प्याने करून दाखवायचे, त्याच्याकडून करून घेताना प्रत्येक टप्पा का करायचा ते बोलायला लावायचे, आणि नंतर त्याच्याकडे पुन्हा पुन्हा जाऊन पाहायचे. युद्धानंतर ही पद्धत जपानला गेली आणि तिथल्या कारखान्यांनी ती मुरवून घेतली. या चार पायऱ्यांपैकी दुसरीचा बराच भाग आज व्हिडिओ करू शकतो आणि कदाचित माणसापेक्षा चांगला करू शकतो. तिसरी आणि चौथी पायरी त्याला करता येत नाही, कारण तिथे शिकणारा काम करतो आणि शिकवणारा पाहतो. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओला शिकणाऱ्याचा हात दिसत नाही.

मिरजेत तंबोरा करणाऱ्यांच्या दुकानात मी एकदा दुपारभर बसलो होतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण तिथली विद्या एकोणिसाव्या शतकापासून घरांतूनच चालत आली आहे. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कानशीने अगदी नाममात्र घासत, तार घोडीला जिथे चाटून जाते तिथे हवा तो झंकार येईपर्यंत जवारी काढायची असते. तरुण मुलगा घासत होता, त्याचे वडील पाठमोरे बसून दुसरे काम करीत होते आणि मान न वळवता सांगत होते, “आता पुरे, जीवा सरकव.” तारेखालचा सुताचा दोरा मुलाने जरा पुढे घेतला आणि आवाज खुलला. कधी थांबायचे हे वडिलांना कानाने कळत होते आणि मुलाला ते अजून कळत नव्हते. ते कळायला वर्षे लागतील, आणि ती सगळी वर्षे कोणीतरी त्याच्या घासण्याचा आवाज ऐकत जवळ बसलेले असावे लागेल. लेथवरच्या कामात इतके सूक्ष्म काही नाही, असे बाहेरच्याला वाटते. मायक्रोमीटरचा रॅचेट फिरवताना जॉबवर किती दाब आला हे बोटांना कळणे, कापण्याचा आवाज बदलताच इन्सर्ट संपत आला हे ओळखणे, निघणाऱ्या चिपचा, म्हणजे धातूच्या छिलक्याचा, रंग पाहून वेग कमी करणे, हे सगळे त्याच जातीचे ज्ञान आहे.

आपल्या भागाला हे नव्याने सांगण्याची गरज नसावी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानाच्या माळावर लोखंडी नांगरांचा कारखाना उभा केला, तेव्हा तिथे यंत्रावर काम करणारी तयार माणसे नव्हती. आसपासच्या खेड्यांतल्या माणसांनाच कामावर घेऊन कारागीर करावे लागले. लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी समजूत असलेल्या शेतकऱ्यांपर्यंत तो नांगर पोहोचवण्याचे काम ज्यांनी काही काळ केले त्यांच्यात भाऊराव पाटील होते. त्याच कर्मवीरांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली आणि ‘कमवा आणि शिका’ ही योजना गरिबांच्या मुलांसाठी राबवली. त्या योजनेत श्रमाचा तास आणि शिकण्याचा तास एकाच दिवसात, एकाच संस्थेच्या हिशेबात बसवलेले होते. मुलाने दिवसभर राबावे आणि शिकायचे असेल तर आपल्या झोपेतून वेळ काढावा, असे कर्मवीरांनी सांगितले नाही. त्यांचे नाव घेणाऱ्या या जिल्ह्यांतल्या कारखानदारांनी आणि अधिकाऱ्यांनी निदान हा एक मुद्दा त्यांच्याकडून घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

त्या साठ रिंगांच्या प्रसंगानंतर आम्ही आमच्या शॉपमध्ये जे बदल केले ते मोठे नव्हते. ऑनलाइन भाग बंद केला नाही. तो शिफ्टच्या पहिल्या अर्ध्या तासात, टूलरूमशेजारच्या खोलीत, कंपनीच्या टॅबवर पाहायचा, आणि ती वेळ हजेरीत कामाची म्हणून धरायची, असे ठरवले. त्यानंतर चार जणांच्या गटाला एक सेटर, त्या दिवशी त्या सेटरच्या नगांचे उद्दिष्ट निम्मे. मोजमापाच्या धड्यात प्रत्येकाने गरम जॉब मोजायचा आणि तासाभराने तोच पुन्हा मोजायचा. परीक्षा तीस दिवसांनी, मशीनवर, न सांगता. उद्दिष्ट निम्मे करण्यासाठी मला वरिष्ठांकडे चार महिने खेपा घालाव्या लागल्या. शेवटी भंगारात गेलेल्या मालाची किंमत आणि सेटरच्या अर्ध्या दिवसांची किंमत एका कागदावर शेजारी शेजारी लिहून नेली तेव्हा सही मिळाली. ज्या मुलाच्या हातून रिंगा गेल्या होत्या, तोच पुढे दोन वर्षांनी हा मोजमापाचा धडा घेऊ लागला, आणि माझ्यापेक्षा चांगला घेऊ लागला.

माझ्या या मांडणीवर सर्वांत वजनदार आक्षेप लहान कारखानदारांचा आहे, आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. कुपवाड, मिरज, पलूस, सातारा येथे आठ-दहा माणसांची शेकडो वर्कशॉप आहेत. तिथे मालक स्वतः मशीनवर उभा असतो. एक माणूस दोन तास शिकायला बसला तर एक मशीन बंद राहते, आणि ऑर्डर देणारी मोठी कंपनी उशिराबद्दल दंड कापते. त्याला शिफ्टमधले तास मागणे म्हणजे त्याच्या खिशातून मागणे आहे. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा, आणि २०१६ पासून विद्यावेतनाचा काही वाटा केंद्र सरकार उचलते ती योजना, यांचा आधार त्याला आहे. परंतु ते पैसे शिकाऊ मुलासाठी येतात, त्याला शिकवणाऱ्या कारागिराच्या वेळेसाठी येत नाहीत. खरी गळती तिथे आहे. सरकारला प्रशिक्षणावर खर्च करायचाच असेल, तर नवे ॲप काढण्याआधी शिकवणाऱ्या कारागिराच्या तासांची भरपाई लहान वर्कशॉपला द्यावी. त्याचबरोबर औद्योगिक वसाहतीतल्या संघटनांनी शासकीय आयटीआयशी बोलून संध्याकाळी तिथली मशीने वापरायला घ्यावीत, पाच-सहा वर्कशॉपच्या मुलांचा एक गट करावा आणि एकेका वर्कशॉपच्या मुरलेल्या कारागिराने आळीपाळीने त्यांना शिकवावे. वाचायचा-पाहायचा भाग मोबाईलवर असू द्यावा. त्या मुलांना तो कामाच्या वेळेत पाहू द्यावा. मोठ्या कंपन्या आपल्या पुरवठादारांकडून गुणवत्तेची प्रमाणपत्रे मागतात, तपासणीला माणसे पाठवतात. त्याच तपासणीत त्यांनी पुरवठादाराच्या हजेरीपत्रकात प्रशिक्षणाचे तास नोंदलेले आहेत का, हेही पाहावे, आणि ज्या वर्कशॉपमध्ये ते नोंदलेले आहेत त्याला नगाच्या दरात तेवढे पैसे वाढवून द्यावेत.